मे महिन्यात पाणी कुठून आणता?

शेजारच्या प्लॉटवरचं जुनं घर पाडलं आणि त्याच्याबरोबर त्या अंगणातली चिंचही गेली. दुपारी तीननंतर आमच्या स्वयंपाकघरावर तिची सावली यायची, ती यंदा आली नाही. आता तिथं चार मजले चढताहेत आणि खाली पत्र्याच्या खोलीत बांधकामावरचं एक कुटुंब राहतं. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी त्यातली बाई स्टीलचा हंडा आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन आमच्या फाटकाशी उभी राहिली. साइटवरचं बोअरचं पाणी खारं, डाळ शिजत नाही म्हणाली. मी अंगणातल्या नळाला पाइप लावून दिला. हंडा भरेपर्यंत नुसतं काय उभं राहायचं, म्हणून विचारलं, गाव कोणतं? "चिखलदरे के उस तरफ, सेमाडोह के पास," ती म्हणाली. झालं, मला बोलायला विषयच मिळाला. आम्ही तिकडंच जागा बघतोय, कायमचं राहायला यायचा विचार आहे, हे सगळं मी माझ्या नागपुरी हिंदीत तिला सांगून टाकलं. तिनं पाइप हंड्यातून काढून डब्यात सोडला आणि विचारलं, "उधर जाके करोगे क्या?"

राहू, म्हटलं. थंड असतं ना.

ती हसली. थट्टेचं हसू नव्हतं ते. "पानी तो इधर है, मॅडम," म्हणाली, हंडा डोक्यावर घेतला, डबा कमरेला लावला आणि गेली. रात्री जेवताना मी हे ह्यांना सांगितलं. ह्यांनी नुसतं "हं" केलं आणि कूलरचा पंप सुरू करायला उठले. माझा घास मात्र अडला. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं, आणि थंडी हे उत्तर तिच्यासमोर उच्चारताना जरा ओशाळंच वाटलं होतं.

डोंगरात राहायला जायचं हे आमच्या घरात दर मे महिन्यात ठरतं आणि मृगाच्या पहिल्या सरीला मोडतं. यंदा मोडू द्यायचं नाही म्हणून आम्ही हिवाळ्यातच कामाला लागलो होतो. हे वीज खात्यातून निवृत्त झाले, मी शाळेतून. लेक हैदराबादेत आहे, तिचं एकच म्हणणं, रेंज असेल अशा ठिकाणी जा. आणि नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल नागपूरकराला काय सांगायचं? 23 मे 2013 ला पारा 47.9 वर गेला, त्या दिवशी आमच्याकडे पुण्याचे पाहुणे होते. दुपारी त्यांनी नळ सोडला आणि चटका बसून हात मागे घेतला. गीझर चालू राहिलाय असं त्यांना वाटलं. 30 मे 2024 ला तर एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंश दिसले. मग हवामान खात्यानं सांगितलं की यंत्राचा सेन्सर बिघडला होता. आमच्या गल्लीत मात्र कुणालाच तो आकडा खोटा वाटला नव्हता. त्यात आता झाडं कमी, सिमेंटचे रस्ते जास्त, आणि प्रत्येक घराच्या एसीचं गरम वारं शेजाऱ्याच्या खिडकीत. पूर्वी रात्री दहानंतर भिंती निवायच्या. हल्ली पहाटेपर्यंत हात लावला तर कोमट लागतात.

तरीही उन्हाळ्याची नुसती तक्रार करायची म्हटलं की माझी जीभ अडखळते. नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर संध्याकाळी बादल्यांनी पाणी शिंपडायचं काम आम्हा भावंडांकडे असायचं. पहिली बादली पडली की चुरर्र आवाज व्हायचा, पाणी बघता बघता नाहीसं व्हायचं आणि चुन्याचा, धुळीचा, तापलेल्या विटांचा असा काही वास उठायचा की पुन्हा पुन्हा शिंपडावंसं वाटे. मग ओळीनं गाद्या, उशाशी सुरई, आणि आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवरून येणारे बोलण्याचे आवाज. कुणाच्या घरात काय चाललंय ते सगळं त्या गच्च्यांवर कळायचं. खिडकीतल्या वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, कैरीचं पन्हं, शाळेला सुट्टी. आता गच्चीवर सोलरची पॅनलं आहेत आणि झोपायला कुणी जात नाही. डोंगरात जाऊन मला नेमकं काय हवंय, थंडी की ती गच्ची, हे मी स्वतःला विचारायचं टाळते.

त्याच गच्चीवर आजी तिच्या महादेवाच्या यात्रेची गोष्ट सांगायची. पचमढीला जाऊन, चौरागडाच्या पायऱ्या चढून, त्रिशूळ वाहून आलेली बाई ती. "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" असं म्हणत माणसं चढतात आणि दम लागला की आणखी मोठ्यानं म्हणतात, असं तिचं वर्णन. विदर्भातल्या माणसाला पचमढी परकी नाहीच. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं तेव्हा उन्हाळा लागला की साहेबांचं सरकार फायली बांधून पचमढीला जायचं. 1956 ला राज्यं नव्यानं आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि आमचा थंडीचा डोंगर तिकडे राहिला. पचमढीजवळच्या नागद्वारच्या यात्रेला मात्र आजही श्रावणात इकडून गाड्या भरभरून जातात. तेव्हा आमच्या यादीत पहिलं नाव अर्थातच पचमढीचं होतं. उंची हजार मीटरच्या वर, शेजारी सातपुड्यातलं सर्वांत उंच धूपगड, साडेतेराशे मीटरचं.

भूगोल शिकवण्यात जन्म गेल्यामुळे मी डोंगराकडे उंचीपेक्षा खडकानं बघते. पचमढीचा खडक वालुकाश्म. तो पावसाचं पाणी आत घेतो आणि सावकाश सोडतो, म्हणून तिथं भर उन्हाळ्यातही कपारीतून झिरपणारं पाणी दिसतं आणि नेच्यांनी भरलेल्या घळी हिरव्या असतात. आम्ही तिथं राहिलो तेव्हा पहाटे खिडकीखाली पाणी वाहतंय असं वाटून मी उठले, आणि खरंच वाहत होतं. पण राहायला जागा कुठं? एकीकडे लष्कराची छावणी, चहूकडे व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, मध्ये उरलेल्या तुकड्यात हॉटेलं, जिप्सीवाले आणि बाजार. तिथं पाहुणा म्हणूनच जायचं. ह्यांनी यादीतल्या त्या नावावर काट मारली नाही, नुसतं कंसात घातलं. निवृत्तीनंतरही ह्यांची फायलीवर शेरा मारायची सवय गेलेली नाही.

दुसरं नाव छिंदवाड्याकडचं होतं, आणि तिकडं माझा जीव ओढत होता. माझी आत्या सौंसरला दिलेली. इतवारीहून छोट्या लाइनची गाडी निघायची, सावनेर, सौंसर, रामाकोना करत छिंदवाड्याला जायची. बोगीच्या खिडकीत बसायचं आणि डोळ्यात कोळशाचा कण गेला की रडायचं, हा आमचा सुट्टीचा पहिला दिवस. ती लाइन 2015 ला बंद झाली, आता तिथं मोठी लाइन आहे. सौंसर-पांढुर्ण्याकडे घरात मराठी आणि शाळेत हिंदी. संत्र्याच्या बागा तशाच आपल्यासारख्या, आणि आत्याच्या हातची पाटवडी तर नागपूरपेक्षा तिखट. पुढं सिल्लेवानीचा घाट चढला की खिडकीतून येणारी हवाच बदलते. तिथून आणखी वर तामिया, पठाराच्या टोकावरचं गाव. त्या टोकावरून खाली पातालकोट दिसतं. बशीसारखी खोल दरी, तळाशी भारिया आणि गोंड लोकांची गावं. आम्ही कड्याच्या कठड्याशी उभे होतो तेव्हा खालून कोंबडा आरवल्याचा आवाज स्पष्ट वर आला, आणि कोंबडा कुठं ते मात्र दिसेना. हे बराच वेळ दिव्यांचे खांब शोधत होते. माणूस नवीन गावात गेला की देऊळ शोधतो, हे आधी ट्रान्सफॉर्मर शोधतात.

तामियाचं सगळं आवडलं, आणि तिथंच पहिल्यांदा जमिनीचा प्रश्न समोर आला. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. ह्यांच्या नावावर काटोलकडचा वडिलोपार्जित सातबारा आहे, त्यामुळे आम्ही कागदावर शेतकरी. मध्य प्रदेशात ती अट नाही. तिकडे सातबाऱ्याऐवजी खसरा आणि तलाठ्याऐवजी पटवारी, एवढंच नवीन शिकायचं, असं आम्ही धरून चाललो होतो. पण तामिया अनुसूचित क्षेत्रात येतं. तिथं आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकताच येत नाही. मग उरते ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी इतरांची जमीन, तिचे भाव शहरातल्यासारखे. चिखलदऱ्यातही तेच. तालुका अनुसूचित, आणि आदिवासीची जमीन घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची आणि त्याआधी सरकारची मंजुरी लागते; 1974 च्या कायद्यानं ती वाट अरुंद करून ठेवली आहे. परतवाड्यात एका दलालानं आम्हाला चहा पाजून यावरचा उपाय सांगितला. जमीन त्याच माणसाच्या नावावर राहू द्यायची, पैसे त्याला द्यायचे, एक करारनामा करून घ्यायचा आणि घर आपण बांधायचं. "सगळे असंच करतात जी," तो म्हणाला. "आणि तो माणूस उद्या उलटला तर?" ह्यांनी विचारलं. "उलटून जाईन कुठं?" दलाल म्हणाला.

त्या चहाची चव मला संध्याकाळपर्यंत तोंडात येत राहिली.

कायदा चांगला आहे हे मी वर्गात शिकवलेलं आहे. आमच्या स्वप्नाच्या आड आला म्हणून तो वाईट होत नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी गाडीत बसल्यावर मला दोन्ही वाटत होतं. दलालाचा राग आला होता आणि दरीच्या तोंडावरची ती उतरती जमीन, तिच्यावरची मोहाची तीन झाडं, डोळ्यांपुढून जात नव्हती. मोह फुललेला होता. खाली पडलेली फुलं वेचणारी म्हातारी आमच्याकडे बघून बाजूला सरकली, जणू जमीन आमचीच झाली होती. तिनं सरकायला नको होतं.

तर चिखलदरा. लहानपणी शाळेची सहल, लग्नानंतर गाविलगडाच्या दरवाज्यात काढलेला फोटो, लेकीला शक्कर तलावात बोटीत बसवलेलं, असा आमचा आणि त्या गावाचा जुना संबंध. परतवाडा सोडलं की घाट सुरू होतो, सागाची झाडं मागं पडतात, कान बंद होतात. उन्हाळ्यात वर पोचल्यावर पहिला श्वास घ्यायला माणसं गाडीची काच खाली करतात. मी मनातल्या मनात हिशेब करते: नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर, चिखलदरा अकराशेच्या आसपास, हजार मीटरला साडेसहा अंश या हिशेबानं पाचएक अंशांचा फरक पडतो. म्हणजे नागपुरात 45 असतील तेव्हा तिथं 40. हा आकडा मी ह्यांना सांगितला तेव्हा हे खट्टू झाले. चाळीस अंशांसाठी घर विकायचं? पण आकडा पुरतं सांगत नाही. चिखलदऱ्यात दुपार तापते हे खरं, मात्र सूर्य कलला की डोंगर सगळी उष्णता सोडून देतो आणि रात्री अंगावर चादर ओढावी लागते. आणि रात्रीची झोपच तर हवी होती आम्हाला.

चिखलदऱ्याजवळच्या मोथा गावाच्या बाजूला आम्ही एका गवळ्याच्या घरी दूध प्यायलो. चिखलदऱ्याच्या आसपास गवळ्यांची जुनी घरं आहेत, त्यांचा खवा आणि रबडी खायला लोक मुद्दाम थांबतात. अलीकडे स्ट्रॉबेरीही लावतात. घरातली बाई माझ्या वयाची, हाताला शेणाचा आणि दुधाचा मिळून वास. तिच्याशी बोलताना मला आमच्या फाटकाशी उभी राहिलेली ती बाई आठवली आणि एकदम विचारलं, मे महिन्यात पाणी कुठून आणता?

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. तोवर मी तिच्यासाठी पॉइंट बघायला आलेली बाई होते.

"हे विचारते असं कोणी," ती म्हणाली. मग सांगायला लागली. पावसाळ्यात इथं एवढं पाणी कोसळते की दार उघडता येत नाही. नागपूरच्या मानानं कितीतरी जास्त पाऊस. आणि तरी फाल्गुन लागला की विहिरी तळाला जातात, चैत्र-वैशाखात काही गावांना टँकर येतात. ती जे सांगत होती ते मी फळ्यावर कितीदा काढलेलं होतं: हा काळा बेसॉल्ट, ठिसूळ थर सोडला तर पाणी आत घेत नाही, उतार उभा, सगळं पाणी नाल्यांतून, सिपना नदीतून खाली धावतं आणि पुढं तापीला मिळतं. पचमढीच्या वाळूच्या खडकासारखं साठवून ठेवणं याच्या स्वभावात नाही. आकृतीत बाण काढून मी मुलांना गुणही दिले होते. त्या बाणांच्या दुसऱ्या टोकाला सकाळी चार वाजता उठून हंडा घेऊन रांगेत बसलेली बाई असते, हे आकृतीत नव्हतं. आमचा बंगला झाला असता तर आम्ही टँकर मागवला असता, विकत. तोच टँकर, तोच घाट, तेच पाणी, फक्त आमच्या टाकीकडे वळलेलं. हे ह्यांना बोलून दाखवलं तर हे म्हणाले, छपरावरचं पाणी साठवू. साठवता येतं, मोठी टाकी बांधली तर दोन माणसांना पुरवून पुरवून पुरतंही. त्यांनी तिथंच बसून छपराचं क्षेत्रफळ गुणिले पाऊस असं मांडलं. बाई त्यांच्या वहीकडे कौतुकानं बघत होती.

दुसरा प्रश्न रात्रीचा. ह्यांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवली. त्या रात्री नागपुरातल्या प्रतापनगरातून आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा माझ्या हातातली चप्पलसुद्धा पायात घालायची राहिली होती, इतकं ते जवळ होतं. चिखलदऱ्याहून घाट उतरून परतवाडा एक तास, पुढं अमरावती आणखी एक-दीड तास, तेही धुकं नसेल आणि झाड पडलेलं नसेल तर. मेळघाटातल्या बाळंतिणी आणि कुपोषित मुलं यांच्याबद्दल आम्ही 1993 पासून वर्तमानपत्रात वाचत आलो. दर पावसाळ्यात तीच बातमी, नवीन आकडे. डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे तिथं बैरागडला जाऊन राहिले. स्मिताताईंचा तर नागपुरात चालता दवाखाना होता. 2019 ला दोघांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या शाळेत त्यांची गोष्ट सांगितली गेली, चाळीस किलोमीटर चालायची आणि पाच रुपयांत लग्न करायची अट वगैरे. मुलींना ती अट फार आवडली होती. नागपूर सोडून डोंगरात जाणं त्यांनीही केलं, पण ते तिथं जे कमी होतं ते घेऊन गेले. आम्ही दोन रक्तदाबाच्या गोळ्या, एक स्टेंट आणि फ्रीज घेऊन जाणार. जे कमी आहे त्यात आणखी दोन वाटेकरी. हे मला टोचतं, आणि टोचलं तरी जावंसं वाटतं, दोन्ही खरं.

आणि वीज. ह्यांच्या मते कुठलंही गाव पारखायचं असेल तर त्याची लाइन कुठून येते ते पाहावं. जंगलातून येणारा फिडर म्हणजे पहिल्या वादळात फांदी तारेवर, आणि लाइनमन धुक्यात बॅटरी घेऊन कोसभर चालत दोष शोधणार. त्यांनी ते काम केलं आहे, तरुणपणी, भामरागडकडे. पावसाळ्यात दोन-दोन दिवस अंधार असेल हे ते अगदी शांतपणे सांगतात. मला धास्ती वाटते ती अंधाराची नव्हे, ओलीची. आषाढ-श्रावणात वरच्या गावांत आठवडाभर ऊन दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, मिठाचं पाणी होतं, पुस्तकांच्या पाठींवर पांढरी बुरशी चढते, गुडघे बोलायला लागतात. आम्ही सगळ्या जागा पाहिल्या त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, म्हणजे डोंगराच्या गोड दिवसांत. मुलीसाठी स्थळ पाहायला जावं, सगळ्यांनी इस्त्रीचे कपडे घालून पोहे पुढं करावेत, तसं. आमचं दुखणं उन्हाळ्याचं, पण डोंगराची परीक्षा पावसात असते. हे इतके दिवस आमच्या लक्षात का आलं नसेल, याचं कारण सोपं आहे. उन्हाळ्याशिवाय दुसरा वाईट ऋतू नागपूरकराला ठाऊकच नाही.

होळीच्या सुमारास धारणीच्या रस्त्यानं जात असताना बायकांनी आमची गाडी अडवली होती. रस्त्यावर आडवा बांबू, नव्या लुगड्यातल्या कोरकू बायका, गाणं, आणि फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागणारे हात. हे पैसे काढेपर्यंत त्यांनी गाडीभोवती फेर धरला. ढोलाच्या आवाजानं गाडीचं टप कंप पावत होतं. कोरकूंचा सगळ्यात मोठा सण होळी. दिवाळी झाली की मेळघाटातली कुटुंबंच्या कुटुंबं खाली उतरतात, परतवाडा, अमरावती, अकोला, आणि पार नागपूरपर्यंत, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर. होळीला मात्र कुठूनही परत यायचंच. फगवा संपला की पुष्कळजण पुन्हा उतरतात, पाऊस पडेपर्यंत. आमच्या शेजारची बाईही अशीच होळी करून परतलेली. तिनं आमच्या नळाचं पाणी भरलं त्याच आठवड्यात आम्ही तिच्या डोंगरावरची हवा घेऊन आलो होतो. घाटाच्या एका वळणावर खाली उतरणारी भरगच्च काळीपिवळी आणि वर चढणारी आमची गाडी समोरासमोर आल्या होत्या, चढणाऱ्याला वाट द्यायची म्हणून त्यांनी गाडी मागे घेतली. टपावर गाठोडी, डेगची, एक सायकल. त्यात ती होती असं मी म्हणत नाही. पण तेव्हापासून कुठल्याही जागेबद्दल कुणी "इथं फार शांतता आहे" म्हटलं की माझ्या मनात येतं, शांतता आहे कारण राहणारे कामाला गेलेत.

मग जाऊच नये का? लेक फोनवर तेच म्हणाली, "आई, तू इतका विचार केलास तर रामटेकलाही जाणार नाहीस." रामटेकचा डोंगर मी विचारात घेतलाही होता, गंमत नाही. मे महिन्यात रामटेकही भाजतं, एवढीच अडचण. ह्यांचं म्हणणं, जमीन घ्यायचा नाद सोडून द्यायचा. विकत घेतली की कागद, कुंपण, चौकीदार, सगळं आलं, आणि आपण आपल्याच घराची राखण करत बसू. भाड्यानं राहू. आणि राहायचं तर थेट पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर. टिकलो तर पुढचं बघू. घाटाच्या पायथ्याशी, परतवाड्याजवळ राहायचाही एक विचार निघाला. दवाखाना जवळ, बाजार जवळ. पण तिथं ऊन नागपूरसारखंच. शेवटी मी तडजोड सुचवली की गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा बरोबर, परतवाड्यातल्या डॉक्टरांशी आधी भेट, आणि धुक्यात घाटात गाडी चालवायची नाही हे ह्यांनी माझ्यासमोर कबूल करायचं. ह्यांनी कबूल केलं. कॅलेंडरच्या मागे लिहूनही दिलं.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या गवळणीकडे पुन्हा गेलो. तिच्या घरामागे दोन खोल्या आहेत, पक्क्या, वर टिनाची पत्रं, समोर ओसरी. ह्यांनी मीटर उघडून पाहिलं, अर्थिंग पाहिलं, पन्हाळीखाली टाकी ठेवायला जागा मापून घेतली. मी चूल पाहिली आणि भिंतींना हात लावला. ओल मागच्या वर्षीची अजून होती, हिरवट पट्टा माझ्या कमरेइतका. भाड्याचं बोलणं फार लांबलं नाही. दूध तिच्याकडूनच घ्यायचं, पाणी तिच्याच विहिरीचं, आणि विहीर आटली तर आम्हीही तिच्याबरोबर रांगेत, हे मीच म्हटलं. पावसाळ्यात आटत नाही, ती म्हणाली, तेव्हा रांगेचं मनावर घेऊ नका. सगळं ठरलं असं वाटून हे आगाऊ रक्कम काढायला लागले, तेव्हा तिनं पदरानं हात पुसले.

"एक आहे बाई. शनिवार-रविवारी खोल्या मोकळ्या करून द्या लागतीन. जुलै-ऑगस्टात धबधबे पाहाले पब्लिक येते, एका रात्रीचं इतकं देऊन जाते का तुमचं महिन्याचं भाडं निंगते."

"मग त्या दोन दिवसांत आम्ही कुठं जायचं?" ह्यांनी विचारलं.

"नागपूरले," ती म्हणाली. "घर आहे ना तुमचं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पाकीट परत खिशात ठेवतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी नोटा मोजून तिच्या हातावर ठेवल्या आणि शुक्रवारी परतवाड्याकडे उतरणारी शेवटची बस किती वाजता असते ते विचारायला सुरुवात केली.